पंपाच्या लायनीवरचा ओव्हन

ओव्हन बंद पडला तेव्हा चिपाचं, ईस्टरला करायच्या चीजच्या पावाचं, पीठ मळून तयार होतं. झुनिल्दाने सकाळपासून दंड भरून येईस्तोवर ते मळलं होतं. कंदाचं पांढरं पीठ, थोडं मक्याचं, अंडी, दूध, डुकराची चरबी, कुस्करलेलं चीज आणि मूठभर बडीशेप. बांगडीसारख्या गोल चिपा वळून पहिला ट्रे तिने आत सरकवला, बटण फिरवलं आणि ती भांडी घासायला वळली. बऱ्याच वेळाने दार उघडून पाहते तर चिपा होत्या तशाच पांढऱ्याफटक. आतल्या पत्र्याला हात लावला, तो गार.

"नाही रे देवा," ती म्हणाली. "आज नको. आज तरी नको."

स्वयंपाकघराच्या दाराशी चाकांच्या खुर्चीत कातालिनो बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि काय झालंय ते त्याला तिथल्या तिथे कळलं. खालची कॉइल तापत नव्हती. कॉइल गेली नसावी, तिच्या मागच्या टोकाची वायर जळून सुटली असावी. या ओव्हनचं ते जुनंच दुखणं होतं. दोन स्क्रू काढायचे, कॉइल पुढे ओढायची, वायरचं जळकं टोक कापून नवीन सोलायचं आणि पुन्हा घट्ट बसवायचं. हे सगळं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि तोंडातून बाहेर आलं,

"उद्या."

"हो रे बाबा, उद्या," झुनिल्दा त्याच्याकडे न बघता म्हणाली.

गेल्या ऑगस्टात अर्धांगवायूचा झटका आला त्याने कातालिनोची उजवी बाजू नेली आणि बोलणं नेलं. बोलण्यातला एवढा एकच शब्द मागे राहिला. भूक लागली तरी उद्या, पाठ दुखली तरी उद्या, पाहुणा आला, पाऊस आला, कुत्रं आत शिरलं तरी उद्या. त्यातून शब्दही असा की ऐकणाऱ्याला हसूच यावं. जन्मभर तो वीज कंपनीत वायरमन होता. पिरायू गावातल्या निम्म्या खांबांवर चढलेला माणूस, वादळात लाइन तुटली की जेवत्या ताटावरून उठून जायचा. पण स्वतःच्या घरातलं काही दुरुस्त करायचं म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "उद्या करतो." देवाने त्याला बरोबर तोच शब्द ठेवला, असं शेजारपाजारी म्हणत, आणि त्याच्यासमोरच म्हणत.

त्याच्यासमोरच, कारण त्याला काही कळत नाही असं सगळे धरून चालले होते. इस्पितळात डॉक्टरने विचारलं होतं, डावा हात वर करा, डोळे मिटा, खिडकी दाखवा. तेव्हा त्याच्या डोक्यात नुसतं धुकं होतं, आणि त्याने खिडकीऐवजी स्वतःचं नाक दाखवलं होतं. समज गेली आहे, असं डॉक्टरने झुनिल्दाला सांगितलं. पुढे दोन-तीन महिन्यांत धुकं हळूहळू विरलं. पण तोवर त्याला काही विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. मान हलवावी तर ती कधी हो म्हणताना आडवी जाई, कधी नाही म्हणताना उभी. डावा हात उचलावा, तर "काय रे, पाणी?" म्हणून कोणीतरी पेला तोंडाला लावे. तो आत होता, पुराचा पुरा होता, आणि बाहेर त्याचा पत्ता कोणालाच नव्हता.

शेजारची दिओलिंदा मागच्या अंगणातून डोकावली. तिच्या केसांना पीठ लागलं होतं. "काय गं, वास नाही आला अजून तुझ्या चिपांचा?"

"ओव्हन मेला."

"अगं बाई! मग आण की माझ्याकडे. मातीची भट्टी पेटवलीये, दुपारनंतर रिकामी होईल."

"नको."

"नको काय? पीठ आंबेल तुझं."

"नको म्हटलं ना, दिओलिंदा." झुनिल्दाने हात कंबरेला पुसले. "ही खुर्ची चर्चकडून मागून आणली. त्याची गादी तुझ्या सुनेची. त्याला अंघोळीला उचलायला तुझा नवरा. आता उद्या सकाळी डेर्लिस येणार, येऊन बघणार काय, तर आईने चिपासुद्धा दुसऱ्याच्या भट्टीत भाजल्या. लगेच म्हणेल, बघ, म्हणत होतो ना, तुला झेपत नाही."

डेर्लिस त्यांचा मुलगा. राजधानीत, असुन्सिओनमध्ये राहायचा. तिथल्या एका वृद्धाश्रमात बापासाठी त्याने जागा बघून ठेवली होती. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी येतो आणि परतताना बाबांना घेऊन जातो, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. सांगितलं होतं आईला. बाबा तेव्हा फोनपासून हातभर अंतरावर बसले होते.

"मिस्तरीला बोलाव ना मग," दिओलिंदा म्हणाली.

"केले फोन. एकजण गावी गेलाय, दुसरा उचलत नाही. पवित्र आठवड्यात कोण येतंय?" झुनिल्दा एकदम ताठ झाली. "मी करते."

"तू?"

"सदतीस वर्षं वायरमनच्या घरात काढली. त्याला करताना बघितलंय की. स्क्रू काढायचे, वायर लावायची, स्क्रू घालायचे. रॉकेट नाहीये ते."

"बघ बाई. हात-पाय जाळून घेऊ नकोस," असं म्हणून दिओलिंदा आपल्या भट्टीकडे पळाली.

झुनिल्दाने कोपऱ्यातून कातालिनोची कातडी पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, चिकटपट्टी, टेस्टर, वायरचे तुकडे. कातालिनो बघत होता. मनातून त्याला बरंही वाटत होतं. पिशवी किती दिवसांनी उघडली होती. मग ती भिंतीवरच्या फ्यूजच्या डबीकडे गेली, स्वयंपाकघराचं बटण तिने खाली पाडलं. वरचा पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली.

"हं. वीज बंद," ती स्वतःशीच म्हणाली. "शहाणी आहे की नाही मी?"

कातालिनोची मान झटक्यात फ्यूजच्या डबीकडे वळली.

ओव्हन त्या बटणावर नव्हताच. भिंतीत ओव्हन बसवला त्या वर्षी स्वयंपाकघराची वायर त्याला सोसत नव्हती, बटण सारखं पडायचं. तेव्हा कातालिनोने मागच्या अंगणातल्या पाण्याच्या पंपाची जाड लाइन भिंतीतून आत ओढली आणि ओव्हन तिच्यावर टाकला. ओव्हनची वीज बंद करायची तर मागे, कपडे धुवायच्या हौदाजवळच्या डबीतलं पंपाचं बटण पाडायला हवं. तात्पुरतं आहे, उद्या नीट करतो, असं तो म्हणाला होता. झुनिल्दाला सांगायचं राहूनच गेलं. नंतर प्रत्येक वेळी ओव्हन त्यानेच उघडला, बटण त्यानेच पाडलं, सांगायची वेळच आली नाही. ओव्हनमधला दिवाही कधीचा गेलेला, तो पेटता असता तर तिला निदान शंका तरी आली असती. आत्ता बाहेर पंप चालू होता, टाकी भरत होती. म्हणजे तिच्या समोरच्या त्या थंडगार पत्र्यामागे दोनशे वीस व्होल्ट जिवंत उभे होते. आणि ती अनवाणी होती, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर.

"उद्या!" तो ओरडला.

"अरे हो."

"उद्या! उद्या! उद्या!"

झुनिल्दा वळली. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. "ऐक. जन्मभर ऐकलं तुझं उद्या. नळ गळतोय, उद्या. छप्पर गळतंय, उद्या. आज बुधवार आहे, म्हाताऱ्या. उद्या मुलगा दारात असेल. आजच करायला हवं."

तिने गुडघे टेकले, चिपांचा ट्रे बाहेर काढला आणि ओव्हनचं दार काढून बाजूला ठेवलं. कातालिनोने मान जोरजोराने आडवी हलवली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. डाव्या हाताने त्याने टेबलाची कड पकडली, खुर्ची वीतभर ओढली आणि पसरलेल्या हत्यारांतून टेस्टर उचलला. टेस्टर! तिने तो नुसता वायरला टेकवला तरी त्यातला लाल दिवा लागेल, आणि दिवा लागला की तिला कळेल. एवढं तर तिला ठाऊक होतंच. त्याने हात लांब करून टेस्टर तिच्या खांद्याला टोचला.

"उद्या," तो म्हणाला, होईल तितक्या शांतपणे. जणू आवाज शांत ठेवला तर शब्द बदलेल.

झुनिल्दाने टेस्टर पाहिला, मग त्याचं तोंड पाहिलं. तिचा चेहरा मऊ झाला आणि तेच त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. "तुझा आहे, हो ना? तुझाच आहे, राजा. धर हं. धरून बस." तिने त्याची बोटं टेस्टरभोवती मिटली. लहान पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तशी.

त्याच्या घशातून एक आवाज निघाला, तो ना शब्द होता ना रडणं. त्याने टेस्टर फेकला. तो ओव्हनच्या पत्र्यावर आपटून फरशीवर घरंगळत फ्रिजखाली गेला. मग टेबलावरचं जे हाताला लागेल ते त्याने ढकललं. वायरचे तुकडे पडले, पिठाचं भांडं कलंडलं, अर्धं पीठ जमिनीवर आलं.

"कातालिनो!"

ती उठून उभी राहिली. पीठ पाहिलं, त्याला पाहिलं, आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "काय पाहिजे तुला? सांग ना, काय पाहिजे? तुला न्यायला येतोय तो, कळतंय का? तुला न्यायला! मी इथे मरमर मरतेय, घर उभं आहे एवढं दाखवायला, आणि तू..." तिने खुर्चीच्या मुठी धरल्या, गर्रकन वळवली आणि त्याला मागच्या दाराने अंगणात ढकलत नेलं. आंब्याच्या सावलीत नेऊन ब्रेक लावला. "बस इथे. दोन मिनिटं मला सुखाने काम करू दे."

ती आत गेली.

अंगणात दिओलिंदाच्या भट्टीचा धूर भरला होता. पंप घुमत होता. कातालिनोने मान वळवून पाहिलं. हौद, हौदाशेजारी भिंत, भिंतीवर झाकण तुटलेली डबी, डबीत काळं बटण. धडधाकट माणसाला पाच-सहा पावलं. ब्रेकची दांडी खुर्चीच्या उजव्या बाजूला होती आणि उजवा हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडला होता. त्याने डावा हात पोटावरून पलीकडे नेला. बोटांची टोकं दांडीला लागली, पण तिला रेटायला जोर पोचेना.

आतून आवाज आला. "हं, एक निघाला... आता दुसरा. ये रे बाबा, ये."

म्हणजे स्क्रू निघत होते.

"उद्या!" तो भट्टीच्या दिशेने ओरडला. "उद्याऽऽ!"

"हो हो, कातालिनोभाऊ, उद्या!" दिओलिंदाने धुरातून उत्तर दिलं आणि तिच्याकडच्या बायका हसल्या.

मग त्याने ओरडणं सोडलं. डाव्या पायाने जमीन रेटली, अंग डावीकडे झोकून दिलं आणि खुर्चीसकट तो पालथा पडला. नाक मातीवर आपटलं, तोंडात तांबड्या मातीची आणि रक्ताची चव आली. पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीत अडकला होता, तो ओढून काढला.

"आता काय पाडलंस?" झुनिल्दा आतून ओरडली. तिचा आवाज पोकळ, घुमल्यासारखा आला. तिचं डोकं ओव्हनच्या आत होतं.

कातालिनो सरपटू लागला. डावं कोपर पुढे रोवायचं, डाव्या टाचेने रेटायचं, उजवी बाजू पोत्यासारखी मागून येऊ द्यायची. एके काळी पन्नास फुटांच्या खांबावर तो माकडासारखा चढायचा आणि वरून खाली बायकांना शिट्ट्या मारायचा. आता आंब्याच्या एका मुळावरून पलीकडे जाताना त्याचा दम तुटला. कोपराची कातडी सोलली. कान सगळे स्वयंपाकघराकडे लागले होते.

"आली, आली पुढे," आतून आवाज. "बघ, जळलीच आहे ही मेली. अशी कशी लावणार? सोलायला हवी." थोडा वेळ काहीच नाही. मग खडखड. "या पकडीने नाही जमत मला. दातानेच सोलते, तुझ्यासारखी."

कातालिनोने कोपर अजून जोरात रोवलं. तो दातानेच सोलायचा, हे खरं होतं. सगळे वायरमन सोलतात. आणि ती ते बघून शिकली होती.

तो हौदापाशी पोचला. डबी भिंतीवर उभ्या माणसाच्या छातीइतकी उंच. हौदाच्या कठड्याला हात घालून त्याने अंग उचलून पाहिलं. ते उचलेना. तेवढ्यात हौदाला टेकवलेला झाडू त्याला दिसला. त्याने तो ओढला, उलटा धरला आणि दांडा वर नेला. दांडा डबीच्या कडेवर लागला आणि घसरला. दुसऱ्यांदा नुसता भिंतीचा पोपडा निघाला. डोळ्यांत घाम आणि चुना, काही दिसेना. आतून आवाज येत नव्हता, एक शब्द नाही. ती बोलत का नाही? बोल, बाई. बोल काहीतरी. त्याने डोळे घट्ट मिटले, आणि जिथे बटण असावं असं वर्षानुवर्षं सवयीच्या हाताने ठाऊक होतं तिथे, उरलासुरला सगळा जोर लावून दांडा खाली ओढला.

टक्.

पंपाची घरघर खाली खाली गेली आणि थांबली. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज धारेवरून थेंबांवर आला.

कातालिनो मातीत गाल टेकवून पडून राहिला. आत अजूनही शांतता होती. वेळेवर झालं की नाही, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. दिओलिंदाकडच्या बायका हसत होत्या, कुणाचं तरी कोंबडं ओरडत होतं, आणि तो ऐकत होता, फक्त ऐकत होता. त्याच्या आयुष्यात इतका लांब वेळ कधी गेला नव्हता.

"इतका गप्प का झालास रे एकदम?"

तिचा आवाज. मग तिची अनवाणी पावलं, आणि मग किंकाळी.

"दिओलिंदा! दिओलिंदा, धाव!"

दोघींनी मिळून त्याला उचललं, खुर्ची सरळ केली, त्याला बसवलं. झुनिल्दा ॲप्रनच्या टोकाने त्याचं नाक पुसत होती, रडत होती आणि शिव्याही देत होती. "तू माझा जीव घेणार आहेस. कुठे चालला होतास? हौदात पडायला? सांग, हौदात जीव द्यायला?"

"झुनिल्दा, राग मानू नकोस," दिओलिंदा हळू आवाजात म्हणाली, "पण मुलगा म्हणतो ते चूक नाहीये. आज नाक फुटलं. उद्या डोकं फुटेल. तुझ्याकडे बघ जरा, काय अवस्था झालीये."

झुनिल्दाने खुर्चीच्या मुठी धरल्या. तिने खुर्ची आत नेली, यावेळी डोळ्यांसमोर, ओव्हनच्या जवळ ठेवली. ओव्हनच्या पोटातून कॉइल अर्धी बाहेर आली होती आणि तिच्यामागून एक वायर बाहेर लोंबत होती. तिचं टोक अजून काळंच होतं. म्हणजे सोलायचीच होती. ती गुडघ्यावर बसली, वायर धरली, तोंडात घातली आणि दाताने ओढली. आवरण सुटलं, तांबं चमकलं. तिने थू करून प्लास्टिकचा तुकडा बाजूला टाकला.

कातालिनो हसला. त्याच्या तोंडाची डावी अर्धी बाजूच हसायची, पण हसला तो पोटातून, खदखदून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"हस," ती म्हणाली. "हस बाबा. बायको माकडचेष्टा करतेय, तू हस."

तिने वायर जोडली, कॉइल मागे सारली, स्क्रू घातले, दार बसवलं. हात धुतले. फ्यूजच्या डबीकडे जाऊन स्वयंपाकघराचं बटण वर केलं. पंखा फिरला, फ्रिज घरघरला. तिने ओव्हनचं बटण फिरवलं आणि आत हात धरून उभी राहिली.

उभी राहिली, उभी राहिली. हात गारच.

"तापेल," दिओलिंदा म्हणाली. "वेळ लागतो."

"नाही तापणार." झुनिल्दाने बटण मागे घेतलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा. मग ओव्हनच्या काचेवर तिने तळहात आपटला, मग मूठ. "सगळं बरोबर केलं! सगळं बरोबर केलं मी!" पाठ ओव्हनला टेकवून ती घसरत खाली बसली, सांडलेल्या पिठाशेजारी. "नाही होत गं आता. नाही होत माझ्याने. घेऊन जाऊ दे त्याला. घेऊन जाऊ दे, मी थकले."

कातालिनोने डावा हात उचलला आणि मागच्या दाराकडे धरला. कोणी पाहिलं नाही. तो तसाच धरून बसला. ओरडायचं त्याने मुद्दाम टाळलं. तो शब्द आला की सगळ्या माना दुसरीकडे फिरतात, हे एव्हाना त्याला कळलं होतं.

दिओलिंदाला काय करावं सुचेना. अशा वेळी बायका करतात ते तिने केलं, पाणी आणायला निघाली. नळाला बारीक धार. "अगं, टाकी भरत होती ना मघाशी? पंप कोणी बंद केला?" ती मागे गेली. तिचा आवाज बाहेरून आला, "हे बटण पडलंय बघ. आणि झाडू इथे काय करतोय? लावते हं."

टक्. पंप घुमायला लागला.

आणि झुनिल्दाच्या पाठीमागे ओव्हनच्या आत काहीतरी बारीक वाजलं. टिक. टिक. थंड पत्रा तापायला लागला की वाजतो तसं. ती हलली नाही. मग पाठीला ऊब लागली. ती हळूच वळली, दार उघडलं. तळाशी कॉइलचा एक कोपरा लाल होत होता.

ती उठली, मागच्या अंगणात गेली, पंपाचं बटण पाडलं आणि परत आली. कॉइल काळी पडत चालली होती. पुन्हा गेली, बटण लावून आली. कॉइल पुन्हा लाल. दिओलिंदा विचारत होती, "काय करतेयस? काय झालं?" पण झुनिल्दा कातालिनोकडे वळली. तिने मागच्या दाराकडे रोखलेला कातालिनोचा हात पाहिला. त्याचं सोललेलं कोपर पाहिलं. अंगणात आंब्यापासून हौदापर्यंत मातीत ओढत गेलेला पट्टा पाहिला. मग तिची बोटं आपसूक स्वतःच्या ओठांवर गेली, जिथे मघाशी वायर धरली होती. तिने टेबलाला धरलं.

"दिओलिंदा," ती म्हणाली, "तू जा गं घरी. तुझ्या चिपा करपतील."

दिओलिंदा गेल्यावर झुनिल्दा स्टूल ओढून नवऱ्याच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. किती तरी वेळ तिने नुसतं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. घास भरवताना, तोंड पुसताना ती त्याच्या तोंडाकडे बघायची, डोळ्यांकडे कधीपासून पाहिलं नव्हतं.

"तुला कळत होतं."

त्याने मान हलवायला घेतली, ती भलतीकडे जाऊ लागली. तो थांबला, आणि हळूहळू, ओझं उचलावं तशी ती खाली-वर केली.

"आत्ता नाही. आधीपासून. सगळं कळतं तुला."

पुन्हा खाली-वर.

ती ओठ चावून बसली. तिच्या डोळ्यांपुढून महिने जात असावेत. कोण कोण येऊन काय काय बोलून गेलं, आणि ती स्वतः काय बोलली. "नाताळात," ती म्हणाली. "नाताळात माझी बहीण आली होती. इथेच बसलो होतो आम्ही. मी तिला म्हणाले, त्या दिवशीच गेला असता तर सुटला असता, आणि मीही. ते ऐकलंस तू?"

ऐकलं होतं. त्या रात्री तो छताकडे बघत पडून होता, आणि ती म्हणते ते खरंच आहे, असंही त्याला वाटलं होतं.

त्याने मान आडवी हलवली. नाही.

झुनिल्दाने ते उत्तर घेतलं. ते खोटं आहे हे तिला दिसत होतं, आणि तिला दिसतंय हे त्याला. तिने त्याचा डावा हात उचलून आपल्या गालावर धरला आणि मग त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आवाज न करता, खांदे हलवत. तो तिच्या केसांतलं पीठ एका बोटाने काढत राहिला.

जमिनीवर सांडलेलं पीठ वायाच गेलं. उरलेल्याच्या चिपा संध्याकाळपर्यंत भाजून झाल्या. ओव्हन जरा जास्तच तापत होता, बुडं काळी पडली. मधे मधे ती एखादा प्रश्न विचारायची, तो मान हलवायचा. पंपाची लाइन कशाला रे ओढलीस? वायर बारीक होती म्हणून? अजून काय काय आहे तिच्यावर? अंघोळीचा विजेचा शॉवर पण? देवा! शॉवर पण आहे म्हणे!

गुरुवारी सकाळी डेर्लिस आला. आईला मिठी मारली, बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, फुटलेलं नाक पाहिलं आणि त्याचा चेहरा कठीण झाला. टेबलाशी बसून त्याने आईशीच बोलायला सुरुवात केली. जागा चांगली आहे, खोलीत खिडकी आहे, नर्स आहेत, आई, तू अशी किती दिवस...

"मला काय सांगतोस?" झुनिल्दा म्हणाली. "जायचं तर त्यालाच ना. त्याला विचार."

"आई..."

"त्याला विचार म्हटलं ना. समोर बसलाय."

डेर्लिसने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. खुर्ची सरकवून तो समोर आला, वाकला. इतक्या महिन्यांत बापाला त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि आता विचारायचा तर तो मोठा प्रश्न तोंडातून निघेना. टेबलावरची चिपा त्याने उचलली, एक तुकडा मोडून बापाच्या डाव्या हातात दिला.

"कशी झालीये, बाबा?"

कातालिनोने तुकडा चावला. सावकाश गिळला. मग डावा हात हवेत आडवा धरून त्याने तो इकडून तिकडे डोलवला. ठीकठाक. बरी म्हणायची.

"मेल्याला सगळं कळतं," झुनिल्दा म्हणाली आणि करपलेलं बूड सुरीने खरवडायला लागली. डेर्लिस मात्र तसाच वाकून होता, त्या डोलणाऱ्या हाताकडे बघत.